भिंतीवरची गोधडी

त्या म्हाताऱ्याला थंडीने मारलं, असं तुम्ही खुशाल म्हणत राहा. मी म्हणणार नाही. दात वाजत असताना जे एकमेकांना सांगत होते, "छे, थंडी कुठंय?", त्यांनी त्याला मारलं.

गोष्ट फार जुनी आहे. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. पाटलाच्या अंगणातल्या भिंतीवर त्याची गोधडी उन्हात पडली, की हिवाळा सुरू झाला, अशी तिथली रीत होती. तोवर कुणी माळ्यावरची गोधडी काढायची नाही, शेकोटी पेटवायची नाही.

रीत मुळात शहाणपणाची होती. कधीतरी गावाचं सरपण हिवाळा सरायच्या आतच संपलं, म्हणून कुण्या जुन्या पाटलाने शेकोट्यांना लगाम घातला होता. पुढे लोक कारण विसरले, लगाम मात्र राहिला. त्यात गोधडी कधी आणि कशी अडकली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

त्या वर्षी हवा बिथरली. दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यातच होत्या. दुपारी ऊन पाठ भाजायचं आणि सांजेला वारा हाडात शिरायचा. एके दिवशी तर गारा पडल्या. फुलावर आलेली तूर आडवी झाली.

सगळा गाव कुडकुडत होता आणि पाटलाच्या भिंतीकडे बघत होता. भिंत रिकामी होती.

पाटील घरात काखेत हात खुपसून बसला होता. बायको म्हणाली, "काढू का हो गोधडी?"

"माझ्या आज्यानं मार्गशीर्षाच्या आत कधी काढली न्हाई. मी काढली तर गाव म्हणंल, पाटील गारठला."

गावाच्या टोकाला दोन घरं होती. एका घरात म्हातारा आणि म्हातारी राहत. गारांच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा उठलाच नाही. म्हातारीने त्याच्यासाठी शिवलेली गोधडी माळ्यावर बांधलेली होती, तशीच राहिली. लोक जमले. "वय झालं होतं," म्हणाले. त्याला पोचवून आले आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागले.

शेजारच्या घरात एक बाळंतीण होती. तिने दारातून तिरडी जाताना पाहिली, मग मांडीवरच्या तान्हीकडे पाहिलं. तान्हीचे ओठ निळे पडले होते.

"आत्याबाई, मी गोधडी काढते."

"अगं, पाटलाची अजून..."

"ही पोर पाटलाची हाय का?"

मग सासूनेच शिडी आणून लावली.

सुनेने लेकीला गोधडीत गुंडाळलं आणि अंगणात शेकोटी पेटवली. धूर दिसताच गाव धावून आला.

"कुणाला इचारून पेटवलीस?"

"आमच्या घरात लेकरं न्हाईत व्हय?"

"अशानं रीतभात राहील का?"

ओरडता ओरडता एकेक जण पुढे सरकत होता. सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याने तर दोन्ही तळवे जाळावर धरले होते!

मागून पाटील आला. सून जागची हलली नाही. म्हणाली, "पाटीलबाबा, थंडीनं येताना तुमची परवानगी घेतली व्हती का?"

तेवढ्यात ऊब लागलेल्या तान्हीने जोरदार टाहो फोडला. पाटील आल्या पावली घराकडे वळला.

त्याच दुपारी पाटलाची गोधडी भिंतीवर आली. पाठोपाठ गावातली प्रत्येक भिंत गोधड्यांनी भरली. आणि माझं रक्त उकळतं ते यापुढच्या गोष्टीने. लोक म्हणाले, "पाटील मोठा दयाळू!"

ध्यानात ठेवा: जी रीत माणसाला वाचवत नाही, ती मुकाट्याने पाळणारा प्रत्येक जण तिच्या पापाचा वाटेकरी असतो.

दयाळू पाटील मग घरोघर सांगत निघाला. शेवटी म्हातारीच्या दारात थांबून म्हणाला, "म्हातारे, काढ आता गोधडी. मोकळीक दिलीय मी."

म्हातारीने मान वर केली.

"मला कुठं थंडी वाजत व्हती, पाटील? वाजत व्हती ती त्यांना."