चांगुणेचा काटबांगडा

सरक गं तिकडे, पाय नको झाडूस. आणि तू, त्याची उशी सोड. हां.

तर एकदा काय झालं, खाडीच्या तोंडाशी एक कोळीण राहायची, चांगुणा. तिचा नवरा पोशा. कामाला वाघ, पण भारी काटेरी! सरळ बोललं तर गोड, जरा उलट बोललं की लागलाच बोचायला. आणि पायाला भिंगरी. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा, मगच होड्या लोटायच्या, अशी रीत. चांगुणा म्हणाली, "अवो, पुनव होऊ द्या." हा म्हणतो, "मला नको शिकवूस!" आणि गेला.

मग होडी परत आली ती रिकामी. चांगुणा धावत खडकावर गेली आणि ओरडली, "दर्या, माझा धनी दे!"

दर्या म्हणाला, "त्याचा काटबांगडा केलाय. खडकातल्या त्या डबक्यातल्या बांगड्यांत तो एकटाच काटबांगडा, दिसायला अगदी त्यांच्यासारखाच. तीनदा उचलून बघ. भरतीनं डबकं बुडलं की तो माझा."

मग काय! पाणी चढतंय, मासे नुसते सळसळतायत. सगळ्यांच्या पाठी हिरव्यानिळ्या, ओळखणार कसं? तिनं सगळ्यात दांडगा उचलला. बांगडाच! लाट आली, पाणी गुडघ्याला.

मग तिनं हातानं चाचपायला घेतलं. कोळणी माशावरून हात फिरवतात तो डोक्याकडून शेपटीकडे, बोचत नाही ना. सगळेच गुळगुळीत. एक मात्र तिच्या हातात शांत राहिला. बाईला वाटलं, यानं ओळखलं मला! उचलला, तर बांगडाच. अगं, पोशा जन्मात कधी शांत बसला होता का?

पाणी कमरेला. चांगुणेला रडू फुटलं, आणि रडता रडता रागही आला. "सरळ वागून तुम्ही कधी सापडलात का मला?" म्हणाली, आणि हात उलटा फिरवला, शेपटीकडून डोक्याकडे. हा गुळगुळीत, तोही गुळगुळीत... आणि मग खर्रकन! शेपटीजवळ, अंगाच्या कडेला, टणक काट्यांची रांग. तळहात फाटला, मासा उसळ्या मारायला लागला. पण बरं का, तिनं सोडला नाही. उचलून छातीशी धरला.

लाट आली, डबकं बुडलं, आणि चांगुणेच्या मिठीत ओलाचिंब पोशा! तिला वाटलं, आता हा खेकसणार, एवढा उशीर का केलास म्हणून. पण त्यानं तिचा तळहात पाहिला. कमरेचा रुमाल सोडून बांधला.

पुढे दोघं सुखात राहिली. नारळ दिल्याशिवाय पोशानं पुन्हा होडी लोटली नाही. चिडायचा मात्र अधूनमधून. मग चांगुणा नुसता तळहात पुढे करायची.

हं, घ्या पाय आत. ओहोटी लागली, मासेसुद्धा निजले. मिटा डोळे.