भिंतींआधीची चौकट

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं घमेल्यानं बजावलं होतं. तरी सांगते.

आमच्या घराला भिंती नव्हत्या, त्या काळी जोत्यावर फक्त दाराची चौकट उभी होती. हळदीकुंकू लावलेली, दोन बांबूंच्या टेकूवर. विटा, वाळू, कुत्री, सगळी तिच्या बाजूनं जात. मधून कुणीच जाईना.

“पूजा झाली खरी बाई,” मजूर यमुनाबाईंच्या डोक्यावरून जाता-येता घमेलं तिला म्हणे, “पण चहूकडून मोकळं असताना दार कशाला? चुलीत जाशील.”

चौकटीलाही ते खरं वाटू लागलं.

रविवारी घरची माणसं काम बघायला आली. धाकटी शाल्मली बाजूनंच आत पळाली.

“मागं फिर,” आजोबा म्हणाले. “आपल्या घरात दारातून यायचं.”

शाल्मली परतली. तिनं चपला काढल्या, चौकटीवर टकटक केलं आणि विचारलं, “येऊ का?”

“या, बसा,” विटांच्या ढिगावरून आई म्हणाली.

चौकटीला अंगाभोवती भिंती आल्यासारखं वाटलं.

सोमवारी घमेलं यमुनाबाईंच्या कानाशी कुजबुजलं, “आज मधून चला ना.” चौकटीपाशी येताच ते लाजत म्हणालं, “येऊ का?” तेव्हा चौकट हसून म्हणाली, “आले हं, उघडते दार!”