संपादकांनी बांधून घेतलेला फुगा

ही गोष्ट गुरू-शिष्येची असली, तरी कुठल्या आश्रमातली नाही, बरं का. संगणकाच्या चिप बनवणारे अधिकारी आणि त्यांच्यावर लिहिणारे पत्रकार यांच्यातली आहे. दोघांची थट्टामस्करी जुनी. वर्षभरात ज्या अधिकाऱ्याने आपल्या चिपबद्दल सर्वांत फुगवून सांगितले असेल, त्याच्या कोटाला पत्रकार वार्षिक स्नेहभोजनात एक फुगा बांधत. त्याने तो मुकाट्याने मिरवायचा, बाकीच्यांनी पोट धरून हसायचे. फुगा बांधण्याचा मान एका वृद्ध संपादकांकडे होता.

त्या वर्षीचे नाव ठरल्यातच जमा होते. श्रोत्री नावाच्या मुख्य अभियंत्यांनी आपली नवी चिप दुप्पट वेगवान असल्याचे सांगितले होते. संपादकांची शिष्या ऋजुता हिने मात्र स्वतः चाचणी घेऊन त्यांच्या मासिकात लिहिले, की वेग जुन्याइतकाच आहे. तिचा तो पहिलाच मोठा लेख, आणि तो फार गाजला.

स्नेहभोजनाच्या दिवशी सकाळी ऋजुता संपादकांसमोर येऊन उभी राहिली. चेहरा पार उतरलेला.

"सर, घोळ झालाय. चाचणीच्या वेळी नव्या चिपच्या लॅपटॉपला चार्जर जोडायचा राहिला. बॅटरी वाचवायला तो आपोआप मंद चालतो. आज पुन्हा करून पाहिलं. श्रोत्री खरंच बोलत होते." मग ती चाचरत म्हणाली, "पुढच्या अंकात कोपऱ्यात खुलासा देऊ ना? आजचा दिवस जाऊ द्या. नाहीतर यापुढे माझ्या शब्दाला कोण विचारणार?"

संपादकांनी तिच्या नव्या चाचणीचे आकडे नीट तपासले.

संध्याकाळी ते फुगा घेऊन उठले. श्रोत्री हसत पुढे झाले. "बांधा, बांधा! यंदा जरा मोठा आणलाय वाटतं!"

संपादकांनी तो फुगा स्वतःच्याच कोटाला बांधला. "यंदाचा मान आमच्या मासिकाचा. चार्जर न जोडता चाचणी केली आम्ही. चिप उत्तम आहे, लेख चुकला."

मग अधिकाऱ्यांत असा काही हशा उसळला, की धरणीने पोटात घ्यावे असे ऋजुताला झाले. बाहेर येऊन तिने रडवेल्या आवाजात विचारले, "सर, सर्वांसमोरच कशाला?"

"कारण लेख सर्वांसमोर छापला होता," ते म्हणाले. "अगं, इतकी वर्षं ही माणसं आपली थट्टा सहन करतात, ती काय आपल्याला घाबरून? आपण खऱ्याला धरून हसतो, एवढा त्यांचा विश्वास आहे. आज श्रोत्रींना फुगा बांधला असता, तर तेही हसले असते. पण ती थट्टा नसती, निव्वळ अपमान असता. लेख तुझा, पण छापला मी. म्हणून तुझं नाव घेतलं नाही. ते सांगायचं की नाही, तू ठरव."

ऋजुताने डोळे पुसले. मग आत जाऊन श्रोत्रींसमोर थांबली. "तो लेख माझा होता. चूक माझी. माफ करा."

श्रोत्रींचे हसू मावळले. "आपलं कुठे चुकलं हे शोधत आमच्या पोरांनी डोकं फोडून घेतलं हो!" आवाजातला राग त्यांनी लपवला नाही. मग खुर्ची पुढे सरकवून ते हळू आवाजात म्हणाले, "बसा. त्या शोधात एक खरा दोष सापडलाय. चिप फार तापते. आम्ही सुधारतो आहोतच, पण घेणाऱ्याला आधी कळायला हवं. तुम्ही तपासा आणि छापा."

"हे मला सांगताय?" ऋजुताला विश्वासच बसेना.

"तुमचं चुकलं, तर तुम्ही येऊन सांगाल. एवढं आता मला माहीत झालंय."

ऋजुता खुर्ची ओढून बसली.