दुलबाची ओंजळ

वेशीवरच्या वडाला अजून पारंब्याही फुटल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गावात दुलबा पाथरवट होता. त्यानं छिन्नी टेकवली की दगड आपणहून वाट देई, असं म्हणतात.

त्या काळी मेल्यावर शिळा मिळे ती फक्त लढाईत पडलेल्याला. वेशीवर अशा वीरांची रांगच होती आणि एकेकाच्या मुठीत दुलबानं तलवार कोरलेली. मग एक दिवस भागू सुईण वारली. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, दुलबासुद्धा. तो म्हणाला, "आजीची शिळा रांगेत लागंल."

मानाजी पाटील हसले. "कुठली लढाई मारली रं तिनं? लावून तर बघ, फोडून टाकीन."

दुलबा हट्टाला पेटला. पण जन्मभर मुठीच कोरलेल्या, उघडा हात काही साधेना. दोन दगड वाया गेले. शेवटी त्यानं बायकोला, मैनाला, समोर बसवलं. "आजी पोर झेलायची, तशी वंजळ धर." मैना सात दिवस तशीच बसली. खरं श्रेय तिचं, पण गोष्टीत नाव नवऱ्याचंच राहतं.

शिळा झाली त्याच दिवशी पाटलांची सून बाळंतपणात अडली. दुपार कलली तरी सुटका होईना, आणि गावात सुईण उरली नव्हती. पाटील बोडक्या डोक्यानं दुलबाच्या दारात आले. "तुझी शिळा दे, बाबा." चौघांना न हलणारा तो दगड त्यांनी एकट्यानं पाठीवरून नेला. सुनेनं दगडी तळव्यांवर आपले तळवे टेकले. दगड भागूच्या हातांसारखा ऊन झाला, असं म्हणतात. दिवेलागणीच्या आत पोर रडलं.

पाटलांनीच ती शिळा रांगेत पहिली लावली. म्हणाले, "हिच्या लढाया आमीच मोजल्या न्हाईत." मग कुंभाराच्या शिळेवर चाक आलं, कोष्ट्याच्या शिळेवर धोटा आला.

दुलबा गेला तेव्हा मात्र त्याची छिन्नी कोरणारं कुणी नव्हतं. शिळा कोरीच उभी केली. पाटलांचा तो नातू तोवर बाप झाला होता. त्यानं आपलं तान्हं भागूच्या ओंजळीत ठेवलं आणि दुलबाच्या शिळेवर छिन्नीचा एक घाव घातला.

आजही आमच्याकडे बारशाआधी पोर त्या ओंजळीत ठेवतात आणि बाप दुलबाच्या शिळेवर एक घाव घालतो. आता ती घावांनी भरून गेली आहे. माझाही एक आहे, डाव्या अंगाला, जरा वाकडा. माझ्या बापाचे हात फार थरथरत होते म्हणे.