तळं बंद

तो उन्हाळा होता की हिवाळा, हे म्हाताऱ्या कासवाला आता खात्रीनं आठवत नाही. तळ्यावर येणारी सशाची दोन पिल्लं दगावली, तेव्हा पाण्यातच विष असावं अशी शंका आली, आणि तळं बंद करावं का, हे सगळ्यांनी विद्वान म्हणून कासवालाच विचारलं.

“आम्ही रोज पितो, काय झालंय आम्हाला?” रेडा फुरफुरला. “पुरावा दाखवा!”

“पुरावा अपुराच आहे,” कासव चाचरलं.

“आजोबा, त्यासाठी अजून किती पिल्लं हवीत?” सशीण म्हणाली.

कासवानं मान आत घेतली. बऱ्याच वेळानं बाहेर काढली.

“तळं उगाच बंद केलं, तर रेडेबुवा, तुम्हाला ओढ्यापर्यंत चालावं लागेल. उगाच उघडं ठेवलं, तर हिचं पिल्लू जाईल. बंद करा.”

पुढं कित्येक वर्षांनी कासवानं खात्री करून घेतली. पाणी चांगलंच होतं. विष होतं काठावरच्या कोवळ्या वेलीत, आणि तळं बंद झाल्यापासून तिकडं एकही पिल्लू फिरकलं नव्हतं.