राजहंसाची सोन्याची चोच

"हे सोनं? हा तर चिखल!" हंबीरराव महाराजांनी पोथीचं पहिलं पान भर दरबारात फडकावलं. "तोळाभर सोनं दिलं होतं आम्ही, आमचं नाव झळकावं म्हणून! हे नाव लिहिलंय की सारवलंय?"

पोथी लिहिणाऱ्या शिवदेवपंतांनी उजवा अंगठा मुठीत दडवला; महाराज चिडले की आधी अंगठाच मागत. पंत न्याय, व्याकरण सगळं पढलेले. पण कोणी ओरडलं की त्यांना स्वतःचं नावही खात्रीने सांगता येत नसे. पान खरंच मातकट दिसत होतं. मधली अक्षरंही आणि समासातला राजहंसही. शिपायांनी ते लाकडी फळीसकट पंतांच्या घरातून उचलून आणलं, तेव्हा त्याच्यावरचं एक काम व्हायचं राहिलं होतं.

"महाराज, अजून एक..."

"अजून एक तोळा? गुंजभरही मिळणार नाही!"

खजिनदार कोनेररावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी बोट ओलं केलं, हंसाच्या चोचीवर घासलं आणि चाटलं.

"गोड! महाराज, गोड लागतंय! सोनं कधी गोड असतं का? हळद आहे ही, साखरेत कालवलेली! सोनं पंतांच्या घरी!"

सोन्याचे पोपडे निघू नयेत म्हणून डिंकात चिमूटभर खडीसाखर पंतांनीच घालायला सांगितली होती. चिमूट मोठी तर झाली नाही ना?

महाराजांनी विडा तोंडात टाकला. "पंत, हा विडा संपायच्या आत या चिखलाचं सोनं करा. नवं सोनं नाही, रंग नाही, पाणी नाही. तुम्ही दाराबाहेर जायचं नाही, बाहेरची वस्तू आत यायची नाही. नाही जमलं, तर अंगठा इथे ठेवून जायचं!"

"पंत, जरा सरका," मागून आवाज आला. पंतांकडे कामाला असलेली भिवरा पुढे झाली.

"ही कोण?"

"सोन्याचा वर्ख डिंकात खलणारी, महाराज. आठ दिवस खलून हात भरून आलेत, म्हणून विचारते. बाहेरचं आणायचं नाही, पण इथलं घेतलं तर चालेल?"

"इथे तुला काय मिळणार? घे हवं ते!"

"शब्द?"

"हंबीररावाचा शब्द!"

"मग बोटातली ती अंगठी द्या."

"बघा!" कोनेरराव किंचाळले. "तोळ्याने पोट भरलं नाही, आता अंगठी!"

"अंगठीचं सोनं तुम्हीच मोजत बसा, खजिनदार. मला वरचा अकीकाचा खडा हवाय."

महाराजांनी अंगठी ओढली. पिळली. पुन्हा ओढली. राजाचं बोट चांगलंच बाळसेदार, अंगठी तसूभर हलेना. विडा अर्धा झाला.

"राहू द्या," भिवरा म्हणाली. "बोटासकट द्या!"

"बोट?" महाराजांनी हात पाठीमागे नेला.

"कापून नको, महाराज. या, इथे बसा."

तिने पोथीची लाकडी फळी जमिनीवर ठेवली, तिच्यावर पान ठेवलं आणि महाराजांचा हात धरून अंगठीचा गुळगुळीत खडा पहिल्या अक्षरावर टेकवला.

"घासा. हळू! आता जरा दाबून. अहो, भांडी नाही घासायची!"

महाराजांशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. पण त्यांचं सगळं लक्ष खड्याकडे होतं. खड्याखालून मातकटपणा निघून गेला आणि अक्षर लख्ख पेटलं! महाराजांनी विडा तसाच गिळला. दुसरं अक्षर, तिसरं, मग हंसाचे पंख, मान, डोकं... आणि हात थांबला.

"चोच का चमकत नाही? इथलं सोनं चोरलंत ना?"

पंतांनी मूठ पुन्हा घट्ट केली.

"चोच खजिनदारांनी खाल्ली, महाराज. कोनेरराव, जीभ दाखवा!"

जीभ बाहेर आली. टोकाला पिवळट ठिपका!

"थांब," महाराज अंगठी रोखून उठले, "तिथेही घासून बघतो!"

"उपयोग नाही, महाराज. सोनं वाळल्याशिवाय घोटून चमकवता येत नाही. आणि ही जीभ काही वाळायची नाही!"

महाराज इतके हसले, की त्यांना पुन्हा खाली बसावं लागलं. मग त्यांनी तूप मागवून अंगठी काढली आणि भिवराच्या हातावर ठेवली. "उरलेली पोथी या अंगठीनेच घोट. चोचीचं सोनं मात्र कोनेररावांच्या घरून येईल!"

पंतांनी मूठ उघडली. अंगठा जागेवर होता. तरी त्यांनी तो दोनदा हलवून पाहिला.