टांकसाळीतला घाव

सोमगिरी महाराजांचा मुक्काम त्या वर्षी वाकोडीस होता. तिथेच संस्थानची टांकसाळ होती. महाराजांचा भक्त येसबा लोहार तिथे ठसा धरण्याचे काम करी. चांदीचा गोल तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा मुठीत उभा धरायचा, मग घणकरी एकच घाव घाली आणि दोन्ही बाजूंना अक्षरे उमटत.

दुसऱ्या दिवशी नवे राजे गादीवर बसणार होते. त्यांच्या नावाचा रुपया हाती पडल्याखेरीज रयतेला ते राजे वाटणार नव्हते. नेमका घणकरी तापाने पडला. येसबाच्या जिवाला सकाळपासून चैन नव्हते. ठसा धरावा, ठेवावा, घाम पुसावा, पुन्हा धरावा. ओठांवर महाराजांचे नाव.

टांकसाळीचे मुख्य धोंडशेट खवळले. "घण मीच मारतो. धर नीट!"

"शेट, तुम्हांला सवय नाही. जरा दमानं घ्या."

"भीती वाटते? मग बोलाव तुझ्या गोसाव्याला ठसा धरायला!"

पहिले काही रुपये ठीक पडले. शेटना घाई सुटली, घाव भराभर पडू लागले, आणि एकदम घण सरकला तो थेट येसबाच्या मुठीवर! "महाराज!" येसबा ओरडला. शेटनी डोळे मिटून घेतले.

उघडून पाहतात तो काय! बोटे धडधाकट, साधा ओरखडाही नाही. शेट तो हात उलटसुलट करून पाहत राहिले. येसबा मात्र अधिकच कासावीस झाला.

"शेट, घाव तर बसला. मग तो गेला कुठं?"

आणि तो महाराज उतरले होते त्या मठाकडे धावत सुटला. मागोमाग शेटही.

महाराज निंबाखाली बसले होते. उजवा हात काळानिळा, सुजलेला. बोटांवर घणाच्या चौकोनी तोंडाची खूण!

"महाराज, हे काय केलंत!" येसबा रडू लागला.

महाराज म्हणाले, "अरे, तुझ्या हातावर चार जीव जेवतात. आम्हांला काय, चार दिवस माळ डाव्या हातानं ओढू."

धोंडशेटची मान खाली गेली. "महाराज, तो घाव माझा होता," एवढेच ते कसेबसे बोलले आणि धुळीत लोटांगण घालून पडले. महाराजांनी तोच सुजलेला हात त्यांच्या मस्तकावर ठेवला, तेव्हा मात्र शेटना हुंदका आवरला नाही.